ईगल्स पुन्हा गायले तेव्हा

नोव्हेंबर २००७च्या पहिल्या आठवड्यात ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी साप्ताहिकाला आपला एक नियम ऐनवेळी बदलावा लागला. अमेरिकेत कुठला अल्बम किती खपला याची क्रमवारी हे साप्ताहिक दर आठवड्याला छापत असे. एकाच दुकानसाखळीत मिळणारे अल्बम त्या क्रमवारीत धरायचे नाहीत, असा तोवरचा शिरस्ता होता. त्या आठवड्यात ब्रिटनी स्पिअर्सचा ‘ब्लॅकआउट’ पहिला येणार असं सगळे धरून चालले होते. त्याच्या सुमारे २ लाख ९० हजार प्रती खपल्या होत्या. पण फक्त वॉलमार्टच्या दुकानांत आणि बँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळणारा एक जोडअल्बम त्याच आठवड्यात ७ लाख ११ हजार प्रतींवर जाऊन पोचला होता. एवढा मोठा आकडा डोळ्यांआड करून यादी छापली असती, तर त्या यादीवर कोण विश्वास ठेवणार? नियम बदलला आणि ईगल्सचा ‘लाँग रोड आउट ऑफ ईडन’ पहिल्या क्रमांकावर आला.

या बँडचा त्याआधीचा स्टुडिओ अल्बम होता १९७९ सालचा, ‘द लाँग रन’. मधल्या २८ वर्षांत एलपी अडगळीत गेल्या, कॅसेटची सद्दी आली आणि गेली, सीडीलाही उतरती कळा लागली. गाणारे चौघेही साठीच्या आसपास पोचले होते. तरीही दुकानांपुढे गर्दी झाली. या गर्दीला नेमकं काय हवं होतं आणि तिच्या हाती काय पडलं, हे मला त्या विक्रीच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. माझं मत आधीच सांगतो. बहुतेकांनी तो अल्बम घेतला तो जुन्या आवाजांसाठी. त्यातल्या नव्या गाण्यांना मात्र त्यांच्या वकुबाइतके कान अजून मिळालेले नाहीत.

ईगल्सचा आवाज म्हणजे काय, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. अमेरिकेच्या दक्षिण भागातलं ग्रामीण, घरगुती वळणाचं कंट्री संगीत आणि शहरी तरुणांचं रॉक ही १९६०च्या दशकात दोन वेगळी जगं होती. कंट्रीची राजधानी टेनेसीतलं नॅशव्हिल. तिथल्या मंडळींना लांब केसांच्या रॉकवाल्यांचं वावडं होतं आणि रॉकवाल्यांना कंट्री म्हणजे जुनाट वाटे. १९६८ साली बर्ड्‌स या बँडने ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ हा अल्बम काढला आणि ही भिंत पहिल्यांदा जोरात हलली. त्यात ग्रॅम पार्सन्स होता. पुढे त्याने फ्लाइंग बरिटो ब्रदर्स काढला, त्याच सुमारास पोको उभा राहिला. लॉस एंजेलिसमधल्या ट्रुबाडूर नावाच्या क्लबमध्ये ही सगळी मंडळी एकमेकांची गाणी ऐकत, एकमेकांचे वादक पळवत. या लोकांनी वाट पाडली, पण पैसा आणि लोकप्रियता त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. ती आली ईगल्सच्या वाट्याला.

१९७१ साली लिंडा रॉन्स्टॅट या गायिकेच्या साथीला उभी राहिलेली ही पोरं. डेट्रॉइटचा ग्लेन फ्राय, टेक्सासमधल्या लिंडन या छोट्या गावचा डॉन हेन्ली, फ्लाइंग बरिटो ब्रदर्समधून आलेला बर्नी लेडन आणि पोकोच्या स्थापनेत असलेला रँडी माइस्नर. पुढच्याच वर्षी, १९७२ला, लंडनमध्ये निर्माता ग्लिन जॉन्सच्या देखरेखीखाली त्यांचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित झाला. ‘टेक इट ईझी’ त्यातलंच. जॅक्सन ब्राउन आणि फ्राय यांनी मिळून लिहिलेलं हे गाणं लक्ष देऊन ऐकलं, तर मागे लेडनचा बँजो तुरुतुरु पळताना ऐकू येतो. चाल रॉकची, अंगण कंट्रीचं.

पण या बँडची खरी मिळकत म्हणजे त्यांचं एकत्र गाणं. आपल्या कानाला समूहगान म्हणजे सगळ्यांनी एकाच सुरात म्हणणं असं वाटतं. आरती असो की प्रार्थना, शंभर माणसं एकच स्वर लावतात. ईगल्समध्ये एक जण षड्जावर असेल, तर दुसरा त्याच क्षणी गांधार लावतो, तिसरा पंचम, आणि ओळ पुढे सरकते तसे तिघेही आपापलं अंतर सांभाळून सरकतात. शब्द तोच, श्वास तोच, सूर वेगळे. यात एकाचाही आवाज थोडा पुढे आला की सगळी घडी विस्कटते. या बँडमधला प्रत्येक जण स्वतंत्रपणे मुख्य गायक होऊ शकत होता आणि तरीही एकत्र गाताना मागे राहायचं कसं, हे त्यांना ठाऊक होतं. मैफिलीत ‘सेव्हन ब्रिजेस रोड’ हे स्टीव्ह यंगचं गाणं ते पाच आवाजांत, सुरुवातीला वाद्यांविना गात. ते एकदा ऐकलं की मी काय म्हणतोय ते कळेल.

रंगमंचाबाहेर मात्र मागे राहायला कुणीच तयार नव्हतं. १९७४ला गिटारवादक डॉन फेल्डर आला, बँड रॉककडे झुकू लागला. कंट्रीचा आग्रह धरणारा लेडन १९७५ला बाहेर पडला आणि त्याच्या जागी जो वॉल्श हा रांगडा रॉक गिटारिस्ट आला. १९७६च्या अखेरीस ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आला. त्या शीर्षकगीताचं मूळ संगीत फेल्डरचं. त्या यशाच्या ऐन भरात माइस्नर गेला, टिमथी श्मिट आला. माइस्नर पोकोतून गेला तेव्हाही त्याची जागा श्मिटनेच घेतली होती. ३१ जुलै १९८०ला कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथे सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांच्या निधीसाठी मैफल होती. तिथे फ्राय आणि फेल्डर गाण्यांच्या अधेमध्ये, रंगमंचावर उभ्या उभ्या, मैफल संपल्यावर तुला बघून घेतो असं एकमेकांना सुनावत होते. वर आवाज जुळत होते आणि खाली हे चाललं होतं. त्या रात्रीनंतर बँड संपला. पुन्हा कधी एकत्र येणार, असं विचारलं की हेन्ली म्हणे, नरक गोठेल तेव्हा.

नरक गोठायला १४ वर्षं लागली, आणि त्याला निमित्त झालं नॅशव्हिल. ज्या गावाने या मंडळींना कधी आपलं मानलं नव्हतं, तिथे नव्वदच्या दशकात ईगल्सची गाणी ऐकत वाढलेली पिढी गात होती. १९९३ला या कंट्री गायकांनी ईगल्सच्या गाण्यांचा एक अल्बम काढला, ‘कॉमन थ्रेड’. व्हिन्स गिल, ॲलन जॅक्सन, क्लिंट ब्लॅक, ट्रिशा यरवुड असे त्या काळचे कंट्रीतले मोठे आवाज त्यात होते. ट्रॅव्हिस ट्रिटने ‘टेक इट ईझी’ गायलं आणि व्हिडिओत आपल्यामागे खुद्द ईगल्सनीच वाजवावं असा हट्ट धरला. ते आले. १३ वर्षांनी एका खोलीत आले आणि भांडण झालं नाही. कंट्री म्युझिक असोसिएशनने पुढच्या वर्षी ‘कॉमन थ्रेड’ला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. तोवर ईगल्स दौऱ्यावर निघालेही होते.

१९९४च्या एप्रिलमध्ये एमटीव्हीसाठी त्यांनी निमंत्रित श्रोत्यांसमोर गायलेली गाणी आणि चार नवी गाणी मिळून ‘हेल फ्रीझेस ओव्हर’ हा अल्बम त्याच वर्षी नोव्हेंबरात आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. दौऱ्याची तिकिटं १०० डॉलरच्या पुढे गेली, तेव्हा तो फार मोठा आकडा होता. वर्तमानपत्रांनी टीका केली, चाहते कुरकुरले आणि त्यांनीच तिकिटं संपवली.

या अल्बममधलं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आपल्याकडच्या कित्येकांना मूळ गाण्याआधी भेटलं. पुण्या-मुंबईत म्युझिक सिस्टीम घ्यायला गेलं की दुकानदार स्पीकरची ताकद दाखवायला हमखास हेच लावत असे. ते वाजतं कसं, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. सुरुवातीला फेल्डर नायलॉनच्या तारांच्या गिटारवर स्पॅनिश ढंगाने एकटाच खेळत राहतो. मूळ गाण्याचा मागमूसही लागत नाही. हळूहळू तालवाद्यं येतात, खालून एक खोल ठोका पोटात उतरतो. समोरचे श्रोते शांत असतात, कारण कुठलं गाणं येतंय हे त्यांनाही कळलेलं नसतं. मग ती ओळखीची सुरावट उलगडते आणि क्षणार्धात सगळं सभागृह ओरडून उठतं. श्रोत्यांनी या बँडला परत कसं स्वीकारलं याचा याहून खरा पुरावा मला माहीत नाही. तो त्या ध्वनिमुद्रणातच आहे.

पण त्या आरोळीतच पुढची अडचणही होती. लोक ओरडले ते ओळखीच्या गाण्यासाठी. १९९४च्या चार नव्या गाण्यांपैकी श्मिटने गायलेलं ‘लव्ह विल कीप अस अलाइव्ह’ रेडिओवर खूप वाजलं, बाकीची जुन्यांच्या सावलीत राहिली. दौरे करून जन्मभर पुरेल एवढा पैसा मिळत होता. नवा अल्बम काढायची आर्थिक गरज काडीची नव्हती. १९९८ला ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये आजी-माजी सातही जण एकत्र उभे राहिले आणि वाजवलं. नंतर २००१ला फेल्डरला बँडमधून काढलं, तो कोर्टात गेला आणि अनेक वर्षांनी न्यायालयाबाहेर तडजोड झाली. राहिलेल्या चौघांनी नव्या अल्बमचं काम सुरू केलं, तेवढ्यात अमेरिकेवर ११ सप्टेंबरचा हल्ला झाला. त्या सुन्नपणातून ‘होल इन द वर्ल्ड’ हे एक गाणं निघालं, ते २००३ला आलं. अल्बमला मात्र २००७ची दिवाळी उजाडली.

आधी विक्रीचा वाद. दोन सीडी, २० गाणी आणि किंमत ११ डॉलर ८८ सेंट. अमेरिकेत कुठलीही मोठी रेकॉर्ड कंपनी मध्ये न घेता बँडने थेट वॉलमार्टशी करार केला. छोट्या रेकॉर्ड दुकानांच्या मालकांना हे जिव्हारी लागलं, कारण ईगल्सच्या तबकड्या विकत यातली कित्येक दुकानं उभी राहिली होती. हेन्लीवर तर जास्तच टीका झाली. लेखक थोरोच्या वॉल्डन तळ्याभोवतीचं रान वाचवायला संस्था काढणारा, पर्यावरणासाठी बोलणारा माणूस वॉलमार्टच्या दारात कसा, असा लोकांचा सवाल होता. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांपेक्षा वॉलमार्ट वाईट नाही, असं त्याचं उत्तर होतं. मला ते उत्तर अपुरं वाटतं. कंपन्यांनी कलावंतांना नाडलं हे खरं असलं, तरी त्याची किंमत कोपऱ्यावरच्या दुकानदाराने का मोजावी? पण एक गोष्ट मान्य करायला हवी. कंपनीविना एवढा मोठा अल्बम विकता येतो हे या कराराने सगळ्या जुन्या बँडना दाखवून दिलं. पुढच्याच वर्षी एसी/डीसीनेही आपला नवा अल्बम अमेरिकेत वॉलमार्टमार्फत आणला.

आता गाणी. पहिलं गाणं, ‘नो मोअर वॉक्स इन द वुड’, जेमतेम दोन मिनिटांचं आहे. शब्द जॉन हॉलंडर या अमेरिकी कवीच्या कवितेचे, आणि ते गायलंय चार आवाजांत, जवळजवळ वाद्यांविना. अल्बमची सुरुवात अशी करण्यात मला त्यांची मोठी समज दिसते. सीडी घालताना प्रत्येक चाहत्याच्या मनात एकच शंका असणार, आवाज अजून जुळतात का? त्या शंकेचं उत्तर त्यांनी पहिल्या दोन मिनिटांत, कसलाही आडोसा न घेता देऊन टाकलं. सत्तरच्या दशकात जे ‘सेव्हन ब्रिजेस रोड’ने व्हायचं ते इथे या गाण्याने होतं. आवाजांना वयाची किंचित खर आली आहे आणि गाणं तोडलेल्या रानाबद्दलचं असल्यामुळे ती खर शोभते.

दुसरं गाणं ‘हाऊ लाँग’. हे नवं नव्हेच. त्यांचा मित्र जे. डी. साउदरने ते १९७२ला आपल्या पहिल्या अल्बमसाठी गायलं होतं, ईगल्स ते त्या काळी मैफिलीत गात, पण त्यांच्या कुठल्याच अल्बममध्ये ते आलं नव्हतं. श्रोत्यांना ते तत्काळ आवडलं, यात नवल नाही. ते १९७२चंच होतं. ७ नोव्हेंबर २००७ला नॅशव्हिलमध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कार सोहळ्यात त्यांनी हे गाणं गायलं आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याला कंट्री विभागातलं ग्रॅमी मिळालं. ज्या दोन जगांना जोडून त्यांनी सुरुवात केली होती, त्यातल्या कंट्रीने त्यांना असं घरचं मानलं ते पस्तीस वर्षांनी.

समीक्षकांचा सूर संमिश्र होता आणि बऱ्याच अंशी तो बरोबरच होता. वीस गाणी फार झाली. मधली काही प्रेमगीतं गुळगुळीत आहेत, एकामागून एक ऐकली तर वेगळी ओळखू येत नाहीत. हेन्ली राजकारण, माध्यमं, चंगळवाद यांवर बोलू लागला की गाण्यातला माणूस हरवतो आणि व्यासपीठावरचा वक्ता उभा राहतो. ‘फ्रेल ग्रास्प ऑन द बिग पिक्चर’ हे त्याचं ठळक उदाहरण. फेल्डरची गिटार नाही हेही कान असणाऱ्याला जाणवतं. त्याच्या जागी वाजवणाऱ्या स्ट्युअर्ट स्मिथने आपली बाजू चोख सांभाळली, पण वॉल्श आणि फेल्डर यांच्यातली ती जीवघेणी चुरस इथे नाही.

असं असूनही या अल्बममध्ये दोन जागा अशा आहेत, जिथे हा बँड आपल्या जुन्या कामाच्या तोडीस तोड उभा राहतो. एक म्हणजे ‘वेटिंग इन द वीड्स’. पावणेआठ मिनिटांचं, अजिबात घाई नसलेलं गाणं. प्रेयसी दुसऱ्याच्या मागे गेली आहे आणि हा बाजूला, रानगवतात, वाट पाहत थांबला आहे. हेन्ली ते इतक्या संयमाने गातो, की हे गाणं एका बाईबद्दल आहे की त्यांना सोडून दुसऱ्या संगीताकडे गेलेल्या काळाबद्दल, असा प्रश्न पडतो. तिशीतला गायक हे गाऊ शकला नसता. पुनरागमनाच्या अल्बमकडून मी हीच अपेक्षा धरतो. गेलेली वर्षं लपवू नका, ती गाण्यात येऊ द्या.

दुसरी जागा म्हणजे दहा मिनिटांहून मोठं शीर्षकगीत आणि त्याला जोडून येणारा वाद्यतुकडा. शीर्षकगीत इराक युद्धाच्या दिवसांतलं आहे. वाळवंटातला सैनिक, घरी स्वस्थ बसलेला देश आणि साम्राज्याची हाव असा त्याचा पट. इथेही हेन्ली देशाला चार शब्द सुनावतो, पण समोर तो दमलेला सैनिक असल्यामुळे ते भाषण होत नाही. ते संपतं आणि लगेच फ्रायने रचलेला ‘आय ड्रीम्ड देअर वॉज नो वॉर’ हा दोन मिनिटांच्या आतला तुकडा सुरू होतो. त्यात एकही शब्द नाही. युद्ध नसल्याचं स्वप्न फक्त गिटार आणि तंतुवाद्यांवर सांगितलं आहे. २००९ला याला वाद्यसंगीताचं ग्रॅमी मिळालं. सात लाख प्रती नेणाऱ्यांपैकी किती जण दुसऱ्या सीडीपर्यंत पोचले कोण जाणे, पण जे पोचले त्यांच्यासाठी या अल्बमचा गाभा तिथे होता.

२००७ संपेपर्यंत, म्हणजे दोनच महिन्यांत, ‘लाँग रोड’ अमेरिकेत वर्षभरातल्या सर्वाधिक खपाच्या अल्बममध्ये तिसरा आला. ब्रिटनमध्येही तो पहिल्या क्रमांकावर गेला. तरीही मैफिलींचा कणा पुन्हा सत्तरच्या दशकातली गाणीच राहिली. २०१८ला अमेरिकी रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने विक्री नव्याने मोजली, तेव्हा १९७६ला आलेला ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स’ हा त्यांचा निवडक गाण्यांचा अल्बम ३८ वेळा प्लॅटिनम ठरला आणि मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्याही पुढे गेला. श्रोत्यांचा कौल इतका स्पष्ट आहे.

१८ जानेवारी २०१६ला ग्लेन फ्राय गेला, वयाच्या ६७व्या वर्षी. पुढच्या वर्षी त्याचा मुलगा डीकन आणि ‘कॉमन थ्रेड’मध्ये गायलेला व्हिन्स गिल यांना घेऊन बँड पुन्हा उभा राहिला. मैफिली होत राहिल्या, पण स्टुडिओत केलेला नव्या गाण्यांचा अल्बम त्यानंतर आला नाही. त्यामुळे ‘लाँग रोड’च्या शेवटी फ्रायने मेक्सिकन ढंगात गायलेलं, पुढच्या पिढीच्या हाती जग सोपवणारं ‘इट्स युवर वर्ल्ड नाऊ’ हे या बँडच्या स्टुडिओतल्या कामाचंही शेवटचं गाणं ठरलं.

आज हा अल्बम फोनवर सहज मिळतो. सगळी वीस गाणी ओळीने ऐकायला बसू नका, कंटाळाल. आधी पहिलं ऐका, मग ‘वेटिंग इन द वीड्स’. मग सवड काढून शीर्षकगीत आणि त्यानंतरचा तो वाद्यतुकडा असे दोन्ही लागोपाठ ऐका, मध्ये न थांबता. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ त्यानंतर लावा.